आधी पाणी, मग भाषा

११ मे २०१५, नाशिक

सकाळी नागलीचं पीठ चाळत बसले होते. दोन किलो पीठ, किलोभर पापड आणि भावजयीनं सांगितलेला काळा मसाला. मी नाशिकला आदिवासी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे मला रंगकाम, ढेकणांचं औषध आणि फुटलेल्या नळांची यादी. तेवीस वर्षांत पहिल्यांदा ते सगळं शिपायावर सोपवून मी पंधरा दिवस धाकट्या भावाकडे, श्रीकांतकडे, सिंगापूरला निघाले होते. पीठ पिशवीत भरत असताना त्याचाच फोन आला.

"ताई, बॅग किती किलोची झाली?"

"तेवीस."

"चालेल. एक विचारायचं होतं. ती धडगावची मुलगी आठवते तुला? आठ दिवस बोलली नव्हती ती?"

"आठवते की. तिचं काय?"

"तू ये. मग सांगतो." आणि फोन बंद.

ही मुलगी कोण ते सांगायला हवं. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून तिला आमच्याकडे आणून सोडलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आठ दिवस तोंडातून शब्द नाही. शिक्षकांनी "मुकी आहे" असा शेरा तयार ठेवला होता. मी तिच्या शेजारी सुरगाण्याची मुलगी बसवली, काही नाही. नवापूरची बसवली, तेव्हा हिनं मान वर केली. अक्कलकुव्याची बसवल्यावर हसली. शेवटी शहाद्याकडची एक मुलगी आणली आणि दोघी तासभर बोलत बसल्या. मुलीचं म्हणणं एवढंच होतं की खोलीला बाहेरून कडी लावू नका. मुकी नव्हती. तिच्यापर्यंत पोचायला चार मुली लागल्या.

१३ मे, ईस्ट कोस्ट

विमान, रांगा आणि इमिग्रेशन यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. श्रीकांतचा फ्लॅट ईस्ट कोस्टला अकराव्या मजल्यावर आहे. पडदा सरकवला आणि मी जागीच उभी राहिले. समोर समुद्र, आणि समुद्रावर जहाजांचं एक अख्खं गाव. तेलाची, कंटेनरची, रिकामी वर उचललेली, भरून खाली बसलेली. साठपर्यंत मोजली आणि सोडून दिलं. एकही हलत नव्हतं.

"नंबर लागायची वाट बघतायत," श्रीकांत म्हणाला. पूर्वी तो अशाच जहाजांवर चीफ इंजिनिअर होता. आता हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसून जहाजांची दुरुस्ती बघतो. चहा होईपर्यंत त्यानं ती गोष्ट सांगितली.

त्याच्या कंपनीच्या एका जहाजावर कोमी नावाचा ऑइलर होता, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारा कामगार. देश टोगो, पश्चिम आफ्रिकेतला. आठ वर्षं तो श्रीकांतच्या हाताखाली होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग जाणार ते आधी सांगायचा. महिन्यापूर्वी इंजिन रूमच्या शिडीवरून पडला. डोक्यात रक्तस्राव झाला. सिंगापूरच्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन करून जीव वाचवला, पण मेंदूला सूज होती म्हणून कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढून ठेवावा लागला. उजवा हात-पाय लुळा पडला. आणि बोलणं गेलं. जहाजावरची इंग्रजी गेली, शाळेतली फ्रेंच गेली. उरलंय ते त्याच्या घरचं काहीतरी, जे इथं कुणालाच समजत नाही.

"हाड परत बसवायचं ऑपरेशन करायला डॉक्टर तयार आहेत. पण तो कागदाला हात लावत नाही. पेन ढकलून देतो. त्याला समजतंय की नाही तेच ठरत नाहीये. जबरदस्तीनं करणार नाही म्हणतात."

"बरोबर आहे त्यांचं."

"बरोबर आहे गं. पण पुढच्या बुधवारी सगळे बसून ठरवणार आहेत. समजत नाही असं ठरलं तर कंपनी त्याला आहे तसा, डोक्यात खड्डा घेऊन, घरी पाठवणार. हाड इथंच राहणार. तिकडे पुढे काय होईल कोण जाणे. घरचा म्हणून दिलेला नंबर बंद आहे." त्यानं कप खाली ठेवला. "त्याचं डोकं गेलेलं नाही, ताई. जीभ गेलीय."

हॉस्पिटलात

दुसऱ्या दिवशी त्याला बघितलं. चाळिशीचा माणूस, हाताची बोटं केळ्यांसारखी जाड, डोक्याची डावी बाजू पोचा पडलेल्या पातेल्यासारखी आत गेलेली. नर्सनं अगदी प्रेमानं विचारलं, "मिस्टर कोमी, माझा हात दाबा. आज कोणता वार?" तो छताकडे बघत राहिला. तिनं धडधाकट डाव्या हातात पेन दिलं. त्यानं ते ढकललं, तोच हात डोक्यावरच्या खड्ड्याकडे नेला आणि काहीतरी बोलला. आवाज वर जायचा, मध्येच एक पायरी खाली यायचा, पुन्हा वर. ओठ आणि घसा एकाच वेळी उघडल्यासारखा एक ठोका मधूनमधून ऐकू यायचा. बडबड वाटली नाही मला ती. बडबडणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे इतकं बघत नाही.

"फ्रेंच दुभाषा आणून झाला," श्रीकांत म्हणाला. "नायजेरियाचे एक गृहस्थ आणले. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि मला विचारलं, सर, तुम्ही भारतीय ना? मग तुम्हाला तमिळ येत असेलच."

"नीट बोलले. तू याची भाषा बोलणारा शोधतोयस. तो नाही मिळणार. शेजारच्या तालुक्यातला शोध."

शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं हॉकर सेंटरला जेवायला गेलो. तिघं म्हणजे मी, श्रीकांत आणि त्याची बायको मेधा. ती रॅफल्स प्लेसला बँकेत आहे. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली पन्नास टपऱ्या आणि मधे टेबलं, आणि सगळं आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ. एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलेलं दिसलं. कुणीतरी विसरलं म्हणून मी ते उचलून सफाईवाल्या बाईंना नेऊन दिलं आणि टेबलाशी बसले. ताट घेऊन एक म्हातारे गृहस्थ आले ते ओरडतच.

"आँटी, माय सीट लाह! माय टिश्यू वेअर?"

इथं रुमालांचं पाकीट ठेवलं की जागा धरली जाते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारे आपण, पण मला ते ओळखू आलं नाही. माफी मागितली, पाकीट परत आणलं, उभ्यानंच जेवले. मेधा हसत होती. तिच्या खांद्याला निळ्या-पिवळ्या मोठ्या नक्षीच्या जाड कापडाची पिशवी होती.

"ही कुठली गं?"

"बेडोकच्या एका बाईंनी शिवलीय. ऑफिसमधल्या आम्ही तिघी ब्लाउजही त्यांच्याकडेच अल्टर करतो. घानाच्या आहेत."

श्रीकांतनं काटा खाली ठेवला. "मेधा, महिनाभर मी आफ्रिकेतला माणूस शोधतोय."

"मला विचारलंस? तू सगळं बोटीवरच्यांना विचारतोस. ब्लाउज कोण शिवतं ते त्यांना कसं माहीत असणार?"

मी श्रीकांतला नकाशा काढायला लावला. घाना आणि टोगो शेजारी शेजारी होते.

१७ मे, बेडोक

त्या बाईंचं नाव आकू. माझ्याच वयाच्या, भरल्या अंगाच्या, गळ्यात मोजपट्टी. सरकारी इमारतीत सहाव्या मजल्यावर त्यांचं घर. त्यांनी आम्हाला बसवलं, आत गेल्या आणि ट्रेमधून पाण्याचा ग्लास घेऊन आल्या.

मी म्हटलं, "नो, नो, थँक यू. आत्ताच पिऊन आलो." पहिल्यांदा विचारल्यावर नको म्हणायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. मेधानंही नको म्हटलं. मग मी पर्समधून वही काढली आणि कोमीची सगळी हकीकत मुद्देवार सांगितली. वय, अपघात, तारखा, बुधवारची मुदत. पाच मिनिटांत आटपलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

आकूबाईंनी ग्लास उचलून आत नेला. बाहेर आल्या तेव्हा चेहरा बंद झाला होता.

"माझ्याकडे लग्नाचे कपडे आहेत. मी शिंपीण आहे, हॉस्पिटल नाही. पुढच्या आठवड्यात फोन करा."

"पण बुधवारी..."

"पुढच्या आठवड्यात."

लिफ्टपाशी मी चिडून म्हटलं, "त्यांच्याच शेजारचा माणूस मरायला टेकलाय आणि बाईला कपड्यांची पडलीय."

"ताई, तू जरा एकदमच सुरू केलंस," मेधा म्हणाली.

"मग काय हवापाण्याच्या गप्पा मारायच्या होत्या?"

संध्याकाळी समुद्राकाठच्या बागेत फिरायला गेलो. सायकली, पळणारी माणसं, कोळशावर काहीतरी भाजत बसलेली कुटुंबं. एका चटईवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं आलेल्या पाहुण्याच्या हातात न विचारता पाण्याची बाटली दिली, आणि मला आमच्या सिन्नरकडच्या घराची ओटी आठवली. शेताच्या वाटण्या झाल्या त्या वर्षी काका आले होते. आईनं गूळ-पाणी आणलं. काका म्हणाले, "पिऊन आलोय." आई आत जाऊन वडिलांना एवढंच म्हणाली, "भांडायला आलेत." काकांनी तोवर दुसरा शब्दही उच्चारला नव्हता.

मी बाकावर बसले. आकूबाईंच्या घरात मी नेमकं तेच वाक्य बोलून आले होते, तेही हसतमुखानं.

सोमवारी मेधा कामावर गेल्यावर मी एकटी बसनं बेडोकला गेले. दार उघडून आकूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मी काहीच बोलले नाही. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. मी खुर्चीवर बसले, पर्स बंदच ठेवली. पाण्याचा ग्लास आला. मी उजव्या हातानं घेतला आणि तळापर्यंत प्यायले. त्यांनी स्वतःच्या ग्लासातले चार थेंब दारातल्या कुंडीत सोडले, "आमच्या आधी गेले त्यांच्यासाठी." आपल्याकडे जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवतात ते मी त्यांना सांगितलं.

मग प्रश्न सुरू झाले. घरची मंडळी कशी आहेत? जी प्रवासाला गेलीत ती? मुलं? मला मुलं नाहीत, वसतिगृहात दोनशे मुली आहेत, असं सांगितल्यावर त्या दोनशे मुली कशा आहेत? प्रत्येक उत्तराला त्या एकच हुंकार द्यायच्या, "योऽ." वीस मिनिटं गेली. माझा हात दोनदा पर्सकडे गेला आणि परत आला. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले. "आता सांगा. कोणत्या कामानं आलात?"

"काल सांगितलं तर."

"काल कुणी आलंच नव्हतं."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी सावकाश. कोमी हे नाव ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "शनिवारचा आहे." शनिवारी जन्मला म्हणून कोमी. त्या बुधवारच्या म्हणून आकू. "तुमचा वार?"

"मंगळवार. म्हणून तर माझं नाव मंगल."

त्यांनी टाळी वाजवली. "मग तुम्ही अब्ला! आमच्याकडे मंगळवारची मुलगी अब्ला." मी सांगितलं की आमच्या मुलींच्या पाड्यांवर अजून सोमी, बुधी, शुक्री अशा आज्या आहेत. दोन खंडांतल्या दोन बाया, पाळण्यात नाव ठेवताना दोघींकडच्यांनी आधी वार बघितलेला.

कोमीच्या कागदपत्रांवर जन्मगाव होतं, ते श्रीकांतच्या ऑफिसात कुणाला नकाशावर सापडलं नव्हतं. आकूबाईंनी वाचलं आणि गळ्यातली मोजपट्टी काढून कापड बेतायच्या टेबलावर आडवी पसरली.

"हा आमचा समुद्रकिनारा." मग रंगीत डोक्याच्या टाचण्या. लाल टाचणी केटा, घानाच्या किनाऱ्यावरचं त्यांचं माहेर, तिथली भाषा एवे. पुढे निळी टाचणी लोमे, टोगोची राजधानी, तिथल्या बाजारात चालते ती मिना, तिलाच गेनही म्हणतात. पिवळी त्याच्याही पलीकडे, बेनिन देशात, तिथं फोन नावाची भाषा. आणि पट्टीपासून वर, जमिनीच्या आत, हिरवी टाचणी टाडो. तिथली आजा. "सगळ्या बहिणी. भाषेला आम्ही सगळे एकच शब्द म्हणतो, ग्बे. एवेग्बे, गेनग्बे, फोनग्बे, आजाग्बे."

ग्बे मला म्हणता येईना. ग आणि ब एकापाठोपाठ नाही, एकाच क्षणी म्हणायचे. हॉस्पिटलात ऐकलेला ठोका तो हाच. माझे प्रयत्न ऐकून आकूबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"आणि प्रत्येक बहिणीची लेकरं वेगळी. मी किनाऱ्यावरची एवे बोलते, माझा नवरा डोंगराकडची. लग्नानंतर सहा महिने तो माझ्या आईच्या प्रत्येक वाक्याला नुसता हो म्हणायचा. आई म्हणायची, काय गुणाचा जावई आहे! त्याला निम्मं कळतच नव्हतं."

मग त्यांनी भिंतीची गोष्ट सांगितली. फार पूर्वी त्यांचे पूर्वज टाडोहून निघून एका गावात राहिले. गावाभोवती उंच, जाड मातीची भिंत आणि आत जुलमी राजा. तेव्हा बायकांनी ठरवलं, रोजचं धुण्या-भांड्यांचं पाणी भिंतीच्या एकाच जागी ओतायचं. कुणाला संशय आला नाही, बायका पाणी ओततच असतात. माती मऊ झाली. एका रात्री भिंत फोडून सगळे बाहेर पडले, तेही उलट्या पावलांनी चालत, म्हणजे माग बघणाऱ्याला वाटावं माणसं आत आलीत. आणि बाहेर पडून जो तो जिकडे गेला तिकडे त्याची जीभ वेगळी झाली.

मी अशा गोष्टींवर सहज विश्वास ठेवत नाही. पण बेडोकच्या सहाव्या मजल्यावर, बाहेर बांबूंवर कपडे वाळत असताना, त्या मोजपट्टीवरच्या चार टाचण्यांकडे बघून ही मला पटली. एवढ्याशा पट्टीवर पावलागणिक बोली बदलत गेल्या, तरी भाषेला म्हणायचा शब्द सगळ्यांनी तोच ठेवला.

"तुमचा शनिवारचा माणूस हिरव्या टाचणीच्या बाजूचा आहे," आकूबाई म्हणाल्या. "मला त्याचं निम्मं कळेल. निम्म्यावर माणसाचं डोकं उघडू द्यायचं नसतं. लोमेला माझी मामेबहीण आहे, आफी. तिला जास्त कळेल. तिच्या गल्लीत टाडोकडची एक म्हातारी कोळसा विकते. उद्या चारला येते मी. तेव्हा तिकडे सकाळचे आठ वाजलेले असतात."

जेवल्याशिवाय सोडलं नाही. मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि सुकट घातलेली भेंडीची पातळ भाजी. भेंडीची तार सुटू नये म्हणून मी जन्मभर ताक घालत आले, त्यांच्याकडे तार सुटली नाही तर भाजी फसली. पहिला घास कठीण गेला. तिसऱ्याला मी वाढून घेतलं.

१९ मे

चार वाजता कोमीच्या पलंगाशी मी, श्रीकांत, आकूबाई आणि डॉक्टर. डॉक्टर चिनी वंशाच्या, तिशीच्या, दहा मिनिटं देते म्हणाल्या. त्यांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "मिस्टर कोमी, तुमचं पूर्ण नाव..."

आकूबाईंनी हात वर केला. "आधी पाणी."

नर्सला विचारून चमच्यानं तीन घोट दिले. उजव्या हातानं. मग स्टूल ओढून बसल्या आणि त्यांच्या भाषेत काहीतरी लयीत म्हणाल्या. कोमीची मान वळली. महिनाभरात पहिल्यांदा त्यानं विचारणाऱ्याला उत्तर दिलं.

"योऽ."

आकूबाईंनी पुढचं विचारलं. "योऽ." पुढचं. "योऽ." घरची मंडळी, प्रवासातली माणसं, मुलंबाळं. डॉक्टर घड्याळ बघायच्या थांबल्या. आणि मग कोमी बोलू लागला. एका दमात, वर-खाली, मध्येच अडत, डावा हात डोक्यावरच्या खड्ड्याकडे नेत.

आकूबाईंच्या कपाळावर आठ्या. "ओल्या कापडातून ऐकल्यासारखं येतंय. काहीतरी परत देण्याबद्दल बोलतोय. थांबा." त्यांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिकडून कोंबड्यांचा, गाड्यांचा आवाज, मग आफी, आणि तिच्याजवळून एक जाड, खरखरीत आवाज. कोळसेवाली म्हातारी. सुरुवातीला सगळे एकदम बोलू लागले. मग मी उभी राहिले आणि वसतिगृहात करते तेच केलं. बोटानं एकेकाचा नंबर लावला. कोमी आधी. मग म्हातारी आफीला सांगेल, आफी आकूबाईंना, आकूबाई आम्हाला. मध्ये कुणी बोलायचं नाही. डॉक्टरांनीसुद्धा मान डोलावली.

कोमी बोलला. सावकाश, मोठं वाक्य.

आणि लोमेमध्ये म्हातारी हसत सुटली. खोकला येईपर्यंत हसली. हसतच तिनं आफीला सांगितलं, आणि आफी हसली. आफीनं आकूबाईंना सांगितलं. आकूबाईंनी तोंडावर हात धरला, खांदे हलायला लागले. एक हसू माणसागणिक आमच्याकडे चालत येत होतं आणि आम्ही तिघं काय ते न कळता वाट बघत उभे होतो.

"तो म्हणतो," आकूबाई श्रीकांतकडे वळल्या, "हे साहेब इंजिन उघडलं की प्रत्येक सुटा भाग मोजून ठेवायला लावायचे. परत बसवताना एक नट जरी उरला तरी आरडाओरडा करायचे. आता माझा एवढा मोठा भाग काढून कुठंतरी ठेवलाय, न बसवताच मला बंद करून पाठवतायत, आणि साहेब गप्प उभे आहेत!"

डॉक्टर खुर्चीवर बसल्या. श्रीकांत खिडकीकडे वळला.

ज्याचा विनोद तीन बोली ओलांडून शाबूत पोचतो, त्या माणसाला समजतं की नाही याची चर्चा तिथंच संपली. उरलेलं अर्ध्या तासात उलगडलं. तो कागद म्हणजे घरी पाठवायची परवानगी, असं त्याला वाटत होतं. हाडाशिवाय घरी जायचं नाही, अर्धा माणूस आईपुढे उभा करायचा नाही, म्हणून तो पेन ढकलत होता. म्हणजे जे त्याला हवं होतं त्यालाच तो महिनाभर नकार देत होता, आणि आम्ही सगळे ते त्याच्या कानाशी मोठमोठ्यानं इंग्रजीत समजावत होतो.

डॉक्टरांनी सांगितलं, हाड तुमचंच आहे, गोठवून ठेवलंय, वर तुमचं नाव आहे, तेच बसवायचं आहे. प्रश्न पुन्हा लोमेवरून फिरून आला. पूर्ण तुकडा बसवणार ना? थोडा ठेवून तर घेणार नाही?

"आम्हाला त्याचा काही उपयोग नाही," डॉक्टर म्हणाल्या. हेही भाषांतरित होऊन गेलं आणि तिकडे पुन्हा हशा झाला. धोके काय आहेत, किती दिवस लागतील, ते डॉक्टरांनी एकेक करून सांगितलं, आणि एकेक करून त्याची मान हलली.

नर्सनं त्याच्या डाव्या हातात पेन दिलं. त्यानं पुन्हा ढकललं.

श्रीकांत माझ्याकडे बघायला लागला. आकूबाई काही बोलणार तेवढ्यात ते मला दिसलं. डाव्या हातानं पोळी वाढणाऱ्या मुलीला मी पंगतीतून बाजूला करते. आणि इथं पहिल्या दिवसापासून सगळे या माणसाला डाव्या हातानं सही करायला लावत होते, आणि मी बघत उभी होते! मी डॉक्टरांना म्हटलं, "अंगठा चालेल का? उजव्या हाताचा?" त्या चालेल म्हणाल्या. आकूबाईंनी त्याचा लुळा उजवा हात दोन्ही हातांनी उचलला, मी शाईची डबी धरली, अंगठा टेकला. कोमीनं कागदाकडे बघून घेतलं आणि डोळे मिटले.

फोन ठेवण्याआधी म्हातारीनं बजावलं की टाडोकडे जाणाऱ्या मालट्रकच्या ड्रायव्हरबरोबर ती त्याच्या आईला निरोप धाडणार आहे. काय निरोप द्यायचा, ते कोमीनं स्वतः सांगितलं. ते आकूबाईंनी आम्हाला इंग्रजीत सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

ऑपरेशन शुक्रवारी झालं. श्रीकांत सकाळपासून हॉस्पिटलात बसला होता. दुपारी त्याचा फोन आला, "बसलं, ताई. एकही नट उरला नाही."

शनिवारी मी आकूबाईंना नागलीचं अर्धं पीठ नेऊन दिलं. आंबील कशी करायची ते दाखवलं. त्यांनी चाखली आणि म्हणाल्या, आमच्याकडे मक्याची करतात, सकाळी दारावर विकायला येते. मेधाच्या वाटचं पीठ कमी झालं, ती अजून बोलून दाखवते. रविवारी संध्याकाळी बॅग भरली. त्या निळ्या-पिवळ्या कापडाची एक पिशवी, आणि वसतिगृहासाठी रंगीत डोक्यांच्या टाचण्यांच्या चार डब्या. आमच्याकडच्या नकाशावर सुरगाण्यापासून धडगावपर्यंत लावायला.

सोमवारी सकाळी, विमान रात्रीचं असल्यामुळे, मी एकटीच कोमीला भेटायला गेले. आकूबाई नव्हत्या, फोन नव्हता, दुभाषी कुणी नव्हतं. डोक्याला पांढरी पट्टी होती आणि पट्टीखाली डोकं गोल होतं. मला बघून त्यानं नर्सकडे आणि पाण्याच्या जगकडे नजर टाकली. तिनं त्याच्यासाठी ग्लास भरून ठेवला. त्यानं मान हलवली. मग डाव्या हातानं उजव्या मनगटाला खालून आधार देत, तो उजवा हात टेबलावर आणला आणि बोटांच्या पाठीनं तो ग्लास इंचइंच माझ्याकडे सरकवला. थोडं पाणी सांडलं.

मला अजून दोन दुकानांत जायचं होतं. मी पर्स खाली ठेवली, पाणी तळापर्यंत प्यायले आणि तो काही विचारेपर्यंत गप्प बसून राहिले.